धारेवर मी होते

अण्णा, जिंतूरच्या डोंगरातून खाली उतरून माणसं आणायला मी गेले होते. दादा गेला नव्हता. हे तुम्हाला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, दादाला ठाऊक होतं आणि मला. आता तुम्ही तिघंही नाही, म्हणजे हे ठाऊक असलेली मी एकटीच उरले. गेल्या महिन्यात दादाच्या तेरवीला माणसं जमली, तेव्हा त्याच्या खात्यातल्या एका म्हाताऱ्या सोबत्यानं सगळ्यांसमोर तीच गोष्ट सांगितली. बाप डोंगरात पाय मोडून पडलेला, आणि मिसरूड न फुटलेल्या पोरानं नकाशा वाचत, रान तुडवत माणसं आणली. लोक माना डोलवत होते. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "तो न्हाई गेला. मी गेले होते." मग माझ्या नातसुनेनं माझा दंड धरला. "आज्जी, बसा. उन्हाचं आलात, पाणी देऊ का?" तिच्या आवाजात इतकी माया होती की तिला ढकलून द्यावंसं वाटलं. पण माझा राग तिच्यावर नाही. तुमच्यावर आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो निवलेला नाही.

मला शिकवायचं तुमच्या मनात नव्हतंच. तुम्ही दादाला शिकवत होता. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, आम्ही शाळेत मराठीतून शिकत होतो, पण मोजणी खात्यात तुमची सगळी विद्या उर्दूतून झालेली. होकायंत्राला तुम्ही शेवटपर्यंत कुतुबनुमा म्हणालात, उत्तरेला शुमाल, दक्षिणेला जुनूब आणि पश्चिमेला मगरिब. पूर्णेवर धरण बांधायचं ठरत होतं, त्याच्या पाहणीवर तुमची नेमणूक झाली होती, आणि मॅट्रिक झाल्यावर दादाला खात्यात चिकटवायचं तुम्ही पक्कं केलं होतं. बोरीच्या घरातला तो दिवस मला लख्ख दिसतो. मी चुलीपाशी भाकरी थापतेय. तुम्ही आईची परात ओढून घेता, तिच्यात अंगणातला एक ओबडधोबड काळा दगड ठेवता आणि तांब्यानं थोडं पाणी ओतता. जिथवर पाणी आलं तिथं बोटानं चुन्याची रेघ. मग आणखी पाणी, आणखी वर रेघ. असं करत करत दगड बुडतो. मग पाणी ओतून देता आणि दादाला म्हणता, "आता वरून बघ. एका डोळ्यानं बघ." वरून बघितलं की दगडाभोवती कडीत कडी असावी तशा रेघा दिसतात. नकाशावर डोंगर असाच काढलेला असतो.

"जितं रेघा एकमेकीला चिकटल्यात, तितं काय हाय?" तुम्ही विचारता.

दादा डोकं खाजवतो. "पाणी?"

"चढ हाय," मी चुलीपाशून म्हणाले. "तितं उभा चढ हाय. आन् जितं रेघा लांब लांब, तितं बैलगाडी जाईल."

तुम्ही वळून बघितलंत. "तुला कुणी विचारलं?" पण लगेच म्हणालात, "इकडं ये." आई म्हणाली, "परात द्या आधी, पीठ मळायचंय. डोंगर मागून करा." तिला वाटलं असेल, पोरखेळ चाललाय. तव्यावरची माझी भाकरी करपली, आणि तुम्ही त्यावरून मला काही बोलला नाहीत. तेव्हा थांबवायचं होतं, अण्णा. त्याच दिवशी म्हणायचं होतं की हे तुझं काम नाही. मी ऐकलं असतं. त्या वयात मी तुमचं सगळं ऐकत होते.

पुढच्या हिवाळ्यात तुमचा मुक्काम जिंतूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याच्या गावात पडला. आई, दादा आणि मीही तिथं शाळेच्या एका खोलीत राहायला आलो. तुमचा खलाशी, मोजणीची पट्टी धरणारा गडी, तापानं पडला, दादाला घसरड्या उतारावर चक्कर यायची, म्हणून पट्टी धरायला तुम्ही मला घेऊन जायला लागलात. गरज होती म्हणून नेलंत, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तुम्ही शिकवलंत, आणि मन लावून शिकवलंत. नकाशा जमिनीवर पसरून आधी उत्तरेला लावायचा, मगच बोट ठेवायचं. सुई बघून सरळ रेषेत पळस किंवा धावडा हेरायचा आणि त्या झाडाकडे चालायचं, सुईकडे बघत चालायचं नाही. काळ्या खडकावर कुतुबनुमा ठेवायचा नाही, काही खडकांत लोखंड असतं आणि ते सुईला भुलवतं. आपण कुठं आहोत ते कळेना झालं तर ओळखीचे दोन डोंगर धरायचे, दोघांची दिशा घ्यायची, नकाशावर त्या दोन डोंगरांपासून मागं दोन रेघा ओढायच्या. "जितं कापतील तितं तू," तुम्ही म्हणायचात. एकदा मी गवत कापून तशीच आले होते, कमरेला विळा खोचलेला. सुई हलायला लागली आणि मी म्हणाले, कुतुबनुमा बिघडला. तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. "लोखंड कमरेला लावून सुईला नाव ठेवायलीस?" आणि विळा उचलून लांब बोराटीच्या जाळीत फेकून दिलात. मी काट्यांत हात घालून तो शोधला, कारण विळा हरवला तर आईनं वेगळं मारलं असतं. हात फाटले. त्या थोबाडीतीचा मला राग नाही, गंमत बघा. तशी तुम्ही दादालाही मारत होता. त्या थोबाडीत मी आणि दादा सारखे होतो.

राग त्या दिवसाचा आहे. सकाळी धुई पडली होती, समोरचं झाड दिसत नव्हतं. दादा खोलीतच पांघरूण घेऊन बसला होता. तुम्ही म्हणालात, वर चढेपर्यंत धुई फाटेल. आपण दोघंच निघालो. ती फाटली नाही. आपण वर चढलो, डोंगराची धार ओलांडली, उतरलो, परत चढलो, आणि एका ओघळीच्या काठाला कुसळी गवतावरून तुमचा पाय सरकला. तुम्ही खाली दगडांत गेलात. मी उतरले तेव्हा तुमची नडगी जिथं वाकायला नको तिथं वाकलेली होती. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता, पायाकडेही बघत नव्हता, आभाळाकडे बघत होता.

मी माझ्या ओढणीनं पायाला धावड्याची फांदी बांधली. तुम्ही दात खाऊन म्हणालात, "मगरिब धर. उतार संपला की गाडीवाट लागती, ती गावात जाती. मगरिब सोडू नको."

"अण्णा, आपून दोन धारा वलांडल्या न्हाई का?"

"एकच वलांडली. सांगितलं तेवढं कर. जा."

पिशवीतला नकाशा आणि कुतुबनुमा मी घेतला, पाण्याचा तांब्या तुमच्या हाताशी ठेवला आणि ओघळीतून वर आले. धारेवर पोचले तेव्हा धुई विरायला लागली होती. आधी वशिंडासारखी टेकडी दिसली, मग थोड्या वेळानं बिरोबाच्या ठाण्याचा डोंगर. नकाशावर दोन्ही होते. मी नकाशा पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले, विळा नाही ना म्हणून कमर चाचपली. दोघांची दिशा घेतली. रेघा ओढल्या. तुम्ही म्हणत होता त्याच्या एक धार पलीकडे त्या कापल्या. म्हणजे तुम्ही चुकला होता. मगरिब धरली असती तर मी पूर्णेच्या बाजूच्या दऱ्यांत उतरले असते, तिथं गाव नाही आणि वाटही नाही. मी पुन्हा दिशा घेतली, पुन्हा रेघा ओढल्या. पुन्हा तिथंच. तुमचं ऐकायचं की तुम्ही शिकवलेलं ऐकायचं, एवढाच प्रश्न होता. मी दक्षिण धरली. एक पळस हेरला, तिथं पोचून दुसरा. रेघा जिथं लांब लांब होत्या तिथून उतरले. डोंगर संपला आणि समोर आपलं गाव.

गावातल्या माणसांनी बाज उचलली आणि मी पुढं झाले. दादा खोलीतून बाहेर आला, चपला घालून आमच्या मागं निघाला. परत चढताना मला एकदाही थांबावं लागलं नाही. तुम्हाला बाजेवर घेताना तुम्ही मला विचारलंत, "कोणत्या बाजूनं गेलीस?" मी म्हणाले, "जुनूब." तुम्ही डोळे मिटलेत. म्हणजे कळलं होतं तुम्हाला. तिथंच, बाजेवर पडल्या पडल्या, सगळं कळलं होतं.

पाय बांधून तुम्हाला बोरीला आणलं आणि पंधरवड्याच्या आत पोखर्णीची मंडळी मला बघायला आली. चांगली माणसं होती, शेती होती, मेंढरं होती. मी आतल्या दाराशी सुपारीचं ताट घेऊन उभी. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी तुमच्या पायाकडे बघून विचारलं, "काय झालं हो हे?"

"डोंगरात पडलो," तुम्ही म्हणालात. "नशीब म्हणून हे पोरगं संगं होतं. नकाशा बघून गाव गाठलं यानं. माणसं घेऊन आला."

"एकलाच?"

"एकलाच. लय धीराचं पोरगं हाय."

दादा मान खाली घालून बसला होता. माझ्या हातातलं ताट वाजलं. आईनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी फुटली. तिनं काच वेचला, पदराला बांधला आणि मला पुढं ढकललं. मी जाऊन सुपारी दिली, खाली बसले, विचारलं त्याची उत्तरं दिली. स्वयंपाक येतो का, म्हणाले. येतो, मी म्हणाले. आणखी काय येतं, असं कुणी विचारलं नाही.

ती मंडळी गेल्यावर मी तुमच्या खाटेपाशी आले. "अण्णा, तुमी असं का सांगितलं?"

"पोरीची जात," तुम्ही म्हणालात. "रानात एकली फिरली म्हणलं तर कोण करून घेईल तुला?"

"मग शिकवलं कशाला?"

तुम्ही आईला हाक मारून पाणी मागितलंत. अण्णा, पाणी तुमच्या उशाशीच होतं.

एकदा सांगितलेलं खोटं मी गिळलं असतं. लग्न जमवायचं होतं, समजा. पण लग्न झालं, मला पोरं झाली, तरी तुम्ही ते सांगतच राहिलात. तुमच्या साहेबाला सांगितलंत आणि दादाला नोकरी लागली. त्याच्या लग्नात सांगितलंत. तो पितळी कुतुबनुमा तुम्ही माझ्यादेखत त्याच्या हातात दिलात, "यानंच माझा जीव वाचवला" म्हणून. दादा सारी नोकरी परभणीत टेबलाशी बसला, डोंगर म्हटलं की त्याला घाम फुटायचा, आणि तोही हळूहळू ती गोष्ट सांगायला लागला. म्हातारपणी तर अगदी रंगवून सांगायचा, धुई कशी होती, धारेवर वारा कसा होता. त्यात एकच चूक करायचा. तो म्हणायचा, अण्णांनी सांगितलं तसा मगरिब धरून गेलो. मी शेजारी बसून ऐकायची. मगरिब धरली असती तर तुम्ही त्या ओघळीतच मेला असता, हे ओठांपर्यंत यायचं आणि मी भाजी निवडत राहायची.

तुमच्या शेवटच्या दिवसांत मी पोखर्णीहून आले होते. खोलीत आपण दोघंच होतो, दार लोटलेलं. मला वाटलं, आता म्हणतील. दादासमोर नको, लोकांसमोर नको, मला एकटीला म्हणतील. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग म्हणालात, "जावईबापूंची मेंढरं बरी हायेत का?" मी म्हणाले, बरी आहेत. मला राग येतो तो या वाक्याचा सगळ्यात जास्त. माझ्या नवऱ्यालाही मी कधी सांगितलं नाही. चांगला माणूस होता, ऐकलं असतं त्यानं. पण तुम्ही मला अशी शिकवण दिलीत की माझंच खरं मला चोरीच्या मालासारखं लपवावं लागलं.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही. नातसून म्हणेल, आज्जींना परत तेच सुचायलंय. आणि तुम्ही असतात तर तुम्हालाही दिलं नसतं, कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही आणि ती तुम्हाला कळू द्यायची नाही. तुम्ही खाली ओघळीत विव्हळत होता, तुमचा आवाज वर ऐकू येत होता, आणि धारेवर त्या दोन रेघा दुसऱ्यांदा एकाच जागी कापल्या तेव्हा मी मोठ्यानं हसले. मग पळत सुटले. गाव दिसलं तेव्हा मला वाईट वाटलं, इतक्यात आलं म्हणून.