न रडणारी वाल्बुर्गा

प्रति,
मा. दंडाधिकारी,
नगर न्यायालय, ग्राउएनबाख.

विषय : आरोपी वाल्बुर्गा रीडेल हिची निकालापूर्वी एकदा भेट मिळणेबाबत.
संदर्भ : सोमवारच्या सुनावणीतील आपले उद्गार.

महोदय,

१. मी विधवा अपोलोनिया रीडेल, लोकांची धुणी धुऊन पोट भरते. नवजात बाळाला मारल्याच्या आरोपाखाली आपल्या तुरुंगात असलेली वाल्बुर्गा माझी मुलगी. शनिवारी आपण तिचा निकाल देणार आहात.

२. सोमवारी आपण भर न्यायालयात म्हणालात, "नाटकातली ती पोर बघा, कशी काळीज पिळवटून रडते. हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. हिला कसला पश्चात्ताप?" ते नाटक मीही पाहिले. नाटक मंडळींचे कपडे माझ्याकडे धुवायला असतात, त्यामुळे मला पडद्याआड उभे राहू देतात. पुढच्या रांगेत आपण डोळे पुसत होता. आपले मन मऊ आहे, म्हणूनच हा अर्ज.

३. नाटकातली मुलगी सरदाराला भुलते, बाळाला मारते, वेडी होते, केस सोडून गाते. आमची रंगाऱ्याच्या कारागिराला भुलली आणि तो पुढच्या गावी चालता झाला. ती वेडी झाली नाही. बाळ गेल्यावर दुसऱ्या सकाळी मालकिणीकडे भांडी घासायला गेली, हेच तिच्याविरुद्ध लिहून घेतले आहे. न जाऊन काय करणार होती?

४. तिने पोट लपवले, हे खरे. लपवले म्हणजे मारायचेच होते, असे कायदा म्हणतो. पण लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला आपल्या चर्चमध्ये गवताचा मुकुट घालून सगळ्यांपुढे उभे करतात. शेजारची मुलगी तशी उभी होती तेव्हा वाल्बुर्गा माझ्याजवळच बसली होती. बायकाच जास्त हसल्या. नाटकात हा मुकुट कुठेच नाही. नाटककार साहेबांना मी विनवले की न्यायालयात तिच्यासाठी चार शब्द बोला. "खऱ्या प्रकरणात मी पडत नाही," असे ते म्हणाले.

५. आत नेताना तुरुंगाच्या दारात वाल्बुर्गा मला एवढेच म्हणाली, "आई, बाळ रडलंच नाही गं. मी किती वाट पाहिली." तेव्हाही तिचे डोळे कोरडे होते. ती पहिल्यापासून अशीच. बाप गेला त्या दिवशी तिने त्याचे कपडे धुऊन वाळत घातले.

६. तरी निकालाआधी तासभर भेट मिळावी. नटीचे रडणे मी पाहून पाहून पाठ केले आहे. आधी ओठ थरथरतात, मग गुडघे टेकायचे, मग हात आपल्याकडे पसरायचे. हे मी तिला शिकवीन. ती कष्टाळू आहे, शिकेल. आणि शनिवारी नाहीच जमले, तर तो दोष शिकवणारीचा धरावा, मुलीचा नव्हे.

आपल्या दाराशी उभी असलेली,
अपोलोनिया रीडेल
गुरुवार, ११ मार्च १७७९