आबांची सही

आबा, काल दोन पोरं दाराशी येऊन गेली. माझ्या नातीने मोबाईलवर देवाधर्माबद्दल काहीतरी लिहिलं होतं, ते काढून माफी लिहायला सांगून गेली. आवाज चढवला नाही, पण जाताना एकाने दाराची कडी हलवून पाहिली. तेव्हापासून ती कडी मी चार वेळा तपासली. नात म्हणते, "आजोबा, तुम्हीच सांगा, काय करू?" तिला बाहेरच्या खोलीत थांबायला सांगितलं. आणि तुम्हाला लिहायला बसलो.

परमुलखातल्या कतारगामच्या खात्यात, लूमच्या कारखान्याला आपण खातंच म्हणायचो, आपण बापलेकांचे लूम शेजारी-शेजारी होते. तुमचा डोळा धाग्यावर आणि तोंडात गाणं. त्या खडखडाटात कोणाला ऐकू जायचं नाही, म्हणून तुमची गाणी तिथेच जुळायची. तुम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी चौथी पास झालो तेव्हा घरात एक तरी वाचणारा झाला म्हणून तुम्ही मला शाईचं पेन आणून दिलं. पुढे मीच तुम्हाला सही गिरवायला शिकवली, तुमच्या पन्नाशीत. अंगठा लावायचा नाही म्हणजे नाही. पगाराच्या दिवशी मागे रांग खोळंबायची, शेठ म्हणायचा, "काका, जल्दी करो ने," आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "थांबा शेठ, काना राहिला."

गावाकडे देवळाच्या पायरीवर पाय ठेवला म्हणून तुम्हाला दगड बसला होता. त्याचंच गाणं तुम्ही एका वर्षी जयंतीला भर दुपारी चाळीच्या चौकात म्हटलं. "देवाचं कापड विणलं मी, तवा देव नाही बाटला, पायरीवर पाय ठिवला, तवा दगड कसा उठला?" लोकांनी टाळ्या दिल्या आणि तेवढ्यात काठ्या आल्या. म्होरक्या आपल्याच खात्यातला, रोज तुमच्याकडून तंबाखू घेणारा. "देवाला नावं ठेवतो का रे?" तो ओरडला. तुम्ही म्हणालात, "देवाला कुठं, भाऊ? दगड मारणाऱ्याला ठेवली. तुला का लागलं?" लोक हसले. मला अजून वाटतं, ते हसणंच भोवलं. ढोलकी फुटली, ढोलकीवाल्या काकांचा हात मोडला. मी चौकीत गेलो, तर तिथला जमादार म्हणाला, "असली गाणी म्हणायचीच कशाला?"

दुसऱ्या दिवशी म्होरक्याने मला खात्याच्या दारात गाठून कागद हातात दिला. देवाची निंदा केली, चूक झाली, यापुढे कुठेही गाणार नाही, असं त्यात लिहिलेलं. "सांजपर्यंत सही आण," तो म्हणाला. "तुझी बायको पोटुशी आहे ना? चाळ लाकडाची आहे, एवढं ध्यानात ठेव."

मी घरी येतो. आई भाकरी थापते आहे, तुम्ही चुलीशी बसून ढोलकीचं फाटलेलं कातडं ताणून बघता आहात. "काय लिहिलंय?" तुम्ही विचारता. मी कागद डोळ्यांपुढे धरतो आणि म्हणतो, "दोन्ही बाजूंनी शांतता ठेवायची, एवढंच." "मग चांगलंच आहे की," असं म्हणून तुम्ही माझं पेन मागून घेता. सावकाश, काना-मात्रेसकट सही करता. वर मला दाखवता, "बघ, आज शाई नाही फुटली."

पुढच्या जयंतीला तुम्ही गायला उभे राहिलात, तेव्हा म्होरक्याने तो कागद चौकात मोठ्याने वाचला. तुम्ही कागद हातात मागितलात, बराच वेळ बघितलात. मग माझ्याकडे बघितलंत. मी खाली बघत होतो. "सही माझीच आहे," एवढं बोलून तुम्ही खाली बसलात. त्यानंतर तुम्ही सहा वर्षं जगलात. लूमवरसुद्धा गुणगुणला नाहीत, आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत.

इतकी वर्षं मी मनाला समजावत आलो, की खरं वाचून दाखवलं असतं तरी येणाऱ्या लेकरासाठी तुम्ही सही केलीच असती. ते खोटं आहे. तुम्ही केली नसती. हे ठाऊक होतं म्हणूनच मी तसं वाचलं.

नात बाहेर वाट बघते आहे. कडी पुन्हा एकदा बघून येतो. हे पत्र कुठे पाठवणार? आणि तुम्ही समोर असता, तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. लिहिलंय तसंच वाचलं असतं का, याची मला आजही खात्री नाही.