रस्त्याकडची खोली आणि माझे चार बुडीत धंदे

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, गल्लीत 'बॅटरी' या नावाने ओळखला जाणारा, असे लिहून ठेवतो की माझे डोके आज ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी कालच तपासून तसे सांगितले. बायकोला ते पटलेले नाही, पण कायद्याला डॉक्टर पुरतात. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही, कारण बायको बाजारात गेली आहे. ती परत येण्याआधी महत्त्वाचे कलम उरकून घेतो.

कलम १. माझ्या घराच्या तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली, शटर आणि गंजलेल्या पाटीसह, माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावी. ती विमा कंपनीच्या कचेरीत बसून लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो तपासते, आणि रविवारी दुपारपासूनच तिचा चेहरा उतरायला लागतो. तिला ती नोकरी सोडून या खोलीत वीस खुर्च्या टाकायच्या आहेत आणि पडद्यावर जुने सिनेमे दाखवायचे आहेत. माझा थोरला भाऊ (यापुढे 'दादा') म्हणतो, खोली औषधाच्या दुकानाला भाड्याने द्या. "त्या खोलीत एक खुळा होऊन गेला तेवढा पुरे," हे त्याचे शब्द. तो गेले वर्षभर रोज संध्याकाळी येऊन हेच माझ्या बायकोच्या कानी घालतो आहे, आणि ती मान डोलावते. मी गेल्यावर लेकीच्या बाजूने बोलणारे कोणी उरणार नाही, म्हणून हा लेखी खटाटोप.

कलम २. सदर खुळ्याची माहिती. मी तरुणपणी सिनेमा थिएटरात दारावर होतो. हातात बॅटरी घेऊन अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायच्या, मग बाहेर येऊन मध्यंतराची गर्दी सांभाळायची, आणि शेवटची पाच मिनिटे राहिली की दारे उघडायला आत जायचे. त्यामुळे मी शेकडो सिनेमांची सुरुवात पाहिली आणि शेवट तर पाठ केले, पण मधले मला काही म्हणजे काही माहीत नसे. गरीब घरचा नायक एकदम सूटबुटात कसा आला, बहीण आंधळी केव्हा झाली, या विचाराने मला जेवण जात नसे. म्हणून बाहेर पडणाऱ्यांना मी मधले विचारी, आणि आत येणाऱ्यांनी विचारले तर शेवट सांगे. माझ्या मते हा चोख व्यवहार होता. एकदा तिकिटाच्या रांगेतल्या एकाने विचारले, "कसा आहे हो पिक्चर?" मी म्हणालो, "शेवट झकास आहे. डॉक्टरच खुनी निघतो." अर्धी रांग पांगली आणि मॅनेजरने मला त्याच दिवशी घरी पाठवले. मला आजही यात माझी चूक दिसत नाही. त्याने विचारले होते.

सदर बॅटरी मी नोकरी जाताना खिशात घालून आणली. ती लेकीला द्यावी. सेल तिने घालावेत.

कलम ३. त्यानंतर त्या खोलीत मी चार धंदे केले. व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणे. कपाटे भरली आणि सीडी आल्या. सीडी भाड्याने देणे. लोक घरच्या घरी सीडीच्या नकला काढू लागले. मोबाइलमध्ये गाणी भरून देणे. गाणी हवेतून येऊ लागली. शेवटचा धंदा म्हणजे सिनेमांचे शेवट समजावून सांगणारे माझे यूट्यूब चॅनेल. त्याचे सभासद अकरा होते. त्यात दादा होता, पण तोही निघून गेला.

कॅसेटींची तीन पोती माळ्यावर आहेत, ती दादाला द्यावीत. अट एवढीच की ती त्याने दिवाणखान्यात, पाहुण्यांना दिसतील अशी ठेवावीत. चॅनेलही त्यालाच द्यावे. त्याने आयुष्यात एकदा तरी चारचौघांत तोंडघशी पडून बघावे, माणूस मोकळा होतो.

कलम ४. रेडिओ. यावर कोपऱ्यावरच्या शिंप्याचा फार दिवसांपासून डोळा आहे. साक्षीदाराला वारसा मिळत नाही असे वकिलांनी सांगितल्यामुळे मी मुद्दाम शिंप्यालाच साक्षीदार केले आहे. रेडिओ न्हाव्याला द्यावा. त्याच्याकडे तो ऐकला तरी जाईल.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही, पण मला बोलायचे आहे. माझ्या धंद्यांचे गल्लीने दोनच भाग पाहिले: शटर उघडले तो दिवस आणि शटर पडले तो दिवस. दादा अजूनही तेवढेच मोजतो. मधले कोणी विचारत नाही. मधल्या काळात त्या खोलीत शाळेतली पोरे कॅसेटच्या वेष्टनांवरून भांडत, म्हातारे लोक गाण्याची एक ओळ गुणगुणून "हे कुठलं?" विचारत, आणि ते शोधून काढेपर्यंत मला चैन पडत नसे. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करणारी एक मुलगी प्रत्येक कॅसेट उशिरा परत करी, आणि दंड भरताना तासभर माझ्याशी सिनेमावर भांडे. तीच सध्या बाजारात गेली आहे. मी त्या खोलीत फार सुखात होतो. हे मी दादाला कधी सांगितले नाही, कारण त्याने कधी विचारले नाही.

येथे लिहिणे थांबवावे लागले. बायको आली. पिशवी टेबलावर ठेवून तिने चष्मा लावला आणि उभ्या उभ्या सगळे वाचले.

"कलम एक. खोली देणारे तुम्ही कोण?"

"घरमालक."

"घर माझ्या नावावर आहे. लग्नानंतर जुन्या मालकाकडून घेतलं, हप्ते माझ्या पगारातून गेले. खरेदीखतावर तुमची सही आहे ती साक्षीदार म्हणून."

मी वाद घालणार होतो, पण मला ती नोंदणी कचेरी आठवली. तिथल्या कारकुनाला मी सगळा वेळ, अंगठ्याची शाई कशाने निघते, हे विचारत होतो. पुढे केलेल्या कागदावर सही ठोकली आणि पुन्हा शाईकडे वळलो.

"मग खोलीचं काय?" मी विचारले.

"किल्ली मागच्याच महिन्यात दिली तिला. बुधवारी खुर्च्या येतायत."

"आणि दादा?"

"भावोजींना रोज चहा देते. ते बोलतात, मी ऐकते. हो कधी म्हटलं होतं?"

"मला का नाही सांगितलंत दोघींनी?"

"तुम्ही गल्लीभर सांगितलं असतंत."

मला आनंद व्हायला हवा होता. पण खोली कागदावर देत होतो तोवर मी शूर होतो. खुर्च्या बुधवारी येणार म्हटल्यावर ते शौर्य संपले. लागलेली नोकरी, दरमहा पगार, आणि मी तिला त्या शटरखाली बसवायला निघालो होतो.

"अगं, पण बुडाली तर?"

ती पिशवीतली भाजी काढत होती. वर न बघताच म्हणाली, "बुडेल. तुम्ही चारदा बुडालात. मेलात का?"

सबब कलम १ रद्द समजावे, कारण जे माझे नव्हते ते आधीच योग्य हाती गेले आहे. बायकोच्या वरील प्रश्नाचे उत्तर मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष, पूर्ण शुद्धीवर, 'नाही' असे देतो. ते बदलेल त्या दिवसापासून बाकीची कलमे लागू व्हावीत.

लिहून देणार: बॅटरी (सही)

साक्षीदार, ज्यांनी माझी सही होताना पाहिली आणि माझ्यासमोर आपापली केली:
१. शेजारचे दंतवैद्य (सही)
२. कोपऱ्यावरचा शिंपी (सही)

स्थळ: बायकोचे घर, वरचा मजला
दिनांक: चौदा, रविवार