नऊ सीटची सबर्बन

१२ मे, रविवार
मदर्स डे. बायकोला, म्हणजे लॅव्हॉनला, माझ्या सबर्बन गाडीसाठी नवे रबरी मॅट भेट दिले. तिने ते लगेच गाडीत नेऊन ठेवले.
जेवताना घोषणा केली. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, ब्लॅक हिल्सच्या डोंगरात सहल. सगळे एकाच गाडीत. एकाहत्तर सालची सबर्बन, तीन बाकडी, नऊ सीट. मी, लॅव्हॉन, मुलगी कर्स्टन, जावई ब्रेंट, तीन नातवंडं, आणि माझा जिवलग ऑर्व्हिल व त्याची डोना. बरोब्बर नऊ. देवानेच जुळवलेलं.
सगळ्यांनी ताटात माना घातल्या. भरून आलं असावं. फक्त जावयाने एसीची चौकशी केली. खिडक्या उघडतात, असं सांगितलं. मागची उघडते पण बंद होत नाही, हे नाही सांगितलं. जुलैत कोण बंद करतंय?

२५ मे, शनिवार
पेट्रोलचा काटा स्वतः दुरुस्त केला. ऑर्व्हिल म्हणत होता, गॅरेजवाल्याला दाखव. म्हटलं, गॅरेजवाल्याला या गाडीचा स्वभाव काय कळणार! काटा आता सुंदर चालतो. सध्या अर्ध्यावर आहे.
ऑर्व्हिलकडे अडुसष्टचा पिकअप आहे. दर शनिवारी आम्ही दोघं बॉनेट उघडून उभे राहतो. काही करतोच असं नाही. या गावात गाडी कळते ती आम्हा दोघांनाच. बाकी सगळे नुसते ड्रायव्हर.

२ जून, रविवार
नातवंडांना चक्कर मारायला नेलं. ड्रायव्हरच्या बाजूला एक दार आणि पलीकडे दोन, याचं त्यांना फार कौतुक वाटेल असं वाटलं होतं. धाकटीने विचारलं, "आजोबा, हे दार तुटून पडलं का?"
मधली, मेझी, वाटेत ओकली. आइस्क्रीममुळे. कर्स्टनचं मत वेगळं. तिच्या मते गाडीत पेट्रोलचा वास येतो. मी म्हटलं, अगं पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास येणार. ती मेझीचे कपडे धुवायला घेऊन गेली.

१६ जून, रविवार
फादर्स डे. मुलांनी स्वतः काढलेलं कार्ड दिलं. त्यावर गाडीचं चित्र. दारं बाजूला सरकणारी. लहान आहेत, शिकतील.
भांडी पुसताना लॅव्हॉनने सहज विचारलं की ब्लॅक हिल्सपर्यंत एकट्याने गाडी चालवली तर मला कंटाळा येईल का. मी म्हटलं, मुळीच नाही. माझ्या तब्येतीची किती काळजी! तिला वाटतं, मी मध्येच स्टिअरिंग ब्रेंटकडे देईन. प्रश्नच नाही.

२९ जून, शनिवार
लिहवत नाही.
ऑर्व्हिलने पिकअप विकला. ओमाहाच्या कुणा दाताच्या डॉक्टरला. त्याच्या जागी नवी कोरी व्हॅन आणली. राखाडी. बटण दाबलं की दार आपोआप सरकतं. मी अंगणात उभा होतो आणि तो मला दार उघडून-मिटून दाखवत होता.
मी विचारलं, का रे?
तो म्हणाला, "वेंडेल, गुडघे राहिले नाहीत रे माझे. त्या पायरीवर चढताना रोज देव आठवतो."
गुडघे! माझेही दुखतात. मी त्यांना विचारत नाही.
इतक्या वर्षांची मैत्री आणि केसाने गळा कापला. घरी येऊन लॅव्हॉनला सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. रंग तिनेच डोनाबरोबर जाऊन पसंत केला होता.
असो. ब्लॅक हिल्सला नेऊन सबर्बनच त्याचं मन वळवील.

३ जुलै, बुधवार, सकाळ
पहाटेच गाडी काढून, पुसून, इंजिन सुरू करून बसलो. मॅट अंथरले. ऑर्व्हिलची व्हॅन आली. वाटलं, आमच्या दारात लावून ठेवणार.
कर्स्टनने मुलांना व्हॅनमध्ये बसवलं. मग ब्रेंट. मग डोना. सगळे भराभर बसले. एवढी शिस्त सराव केल्याशिवाय येत नाही.
लॅव्हॉन माझ्या खिडकीपाशी आली. हातात एकाच माणसापुरतं सँडविच.
"वेंडेल, त्या गाडीत आठ सीट आहेत," ती म्हणाली. "आम्ही आठ जण मावतो. तू तुझी घेऊन ये. तुला तीच आवडते ना?"
दार आपोआप सरकून बंद झालं. आवाजसुद्धा नाही. निदान आपटायचं तरी.

संध्याकाळ
व्हॅलेंटाइन गावाच्या अलीकडे, टेकड्यांमध्ये, गाडी थांबली. काटा अर्ध्यावरच आहे. पेट्रोल नाही.
बऱ्याच वेळाने एक गुरांचा मालक कॅन घेऊन आला. भला माणूस. सबर्बनभोवती फिरला, रंगावरून हात फिरवला, म्हणाला, विकणार का?
"विकायची नाही. कुटुंबाची गाडी आहे," मी म्हटलं.
त्याने मागची रिकामी बाकडी पाहिली. मग रस्त्याकडे पाहिलं.
"कुटुंब कुठाय?"
पुढे गेलंय, म्हटलं. त्याने कॅनमधलं पेट्रोल सावकाश, काळजीपूर्वक टाकीत ओतलं.

४ जुलै, गुरुवार
दुपारी पोचलो. यांचं डोंगरात कोरलेले राष्ट्राध्यक्षांचे पुतळे बघणं सकाळीच उरकलं होतं. कर्स्टनने फोटो दाखवला. आठ जण, आठही हसणारे. वाटसरूला काढायला सांगितला म्हणे. "बाबा, तू असतास तर तूच काढला असतास," ती म्हणाली.
ऑर्व्हिल काठी टेकत आला. लाकडी बाकावर शेजारी बसला. रात्री शोभेची दारू उडाली ती आम्ही तिथूनच पाहिली. मी त्याला माफ केलेलं नाही. त्याने माफी मागितलीही नाही.

७ जुलै, रविवार
परतीचा दिवस. सकाळी लॅव्हॉन आपण होऊन सबर्बनपाशी आली. बॉनेटवर हात ठेवला. असं तिने कितीतरी वर्षांत केलं नव्हतं.
"वेंडेल, तुझ्या गाडीत जागा आहे ना रे?"
म्हटलं, भरपूर. धावत जाऊन पुढची सीट पुसली. तिची उशी ठेवली. आरसा तिच्या उंचीला वळवला.
मग ब्रेंट बॅगा घेऊन आला. मग खाण्याचे डबे, गळ, खुर्च्या, डोनाने गोळा केलेले दगड. काल गारा पडल्या होत्या, त्यामुळे ओला तंबूही. व्हॅनच्या गाद्या खराब होतील म्हणून. दोन्ही मागची बाकडी छतापर्यंत भरली. एवढं सामान दुसऱ्या कुठल्या गाडीत मावलं असतं? मी हे सगळ्यांना सांगितलं. तोवर ते लॅव्हॉनसकट व्हॅनमधून निघून गेले होते.
तंबू मागे मावेना. शेवटी पुढच्या सीटवर ठेवला. उशीवर पाणी गळू लागलं. वळणावर माझ्या अंगावर कलंडत होता, म्हणून त्याला पट्टा बांधला.
घरापर्यंत कुठलं गाव आलं, ते त्याला सांगत आलो.