थंडीतला पाव फेरा

बाबा, काल गुरुजी आले होते. बाजारहत्नूरच्या मराठी शाळेवाले. आता निवृत्त झालेत, चष्मा जाड झालाय, पण मोटरसायकल तीच जुनी. मी आदिलाबादेत पॉलिटेक्निकच्या मुलींना मोटारगाड्यांचं काम शिकवते हे त्यांना कुणीतरी सांगितलं, म्हणून सरळ आमच्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहिले. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. ते आले नसते तर मी हे लिहायला बसलेच नसते.

तो जानेवारीतला दिवस तुम्ही विसरला नसाल. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते, संक्रांतीच्या सुटीत हैदराबादेहून घरी आले होते, आणि नव्या विद्येनं माझं डोकं जरा जास्तच तापलं होतं. तुमची एक रीत होती. दिवाळीनंतर थंडी पडली की आपल्या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीच्या कार्बुरेटरचा हवेचा स्क्रू पाव फेरा आत घ्यायचा आणि होळी झाली की तेवढाच बाहेर काढायचा. कुणी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "थंडीत इंजिनाले भूक जास्त लागते." त्या दिवशी गुरुजींची गाडी उभ्या उभ्या बंद पडत होती. तुम्ही तिच्यापाशी गुडघ्यावर बसला आहात, पेचकस स्क्रूला लावला आहे, आणि मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणते, "बाबा, स्क्रूले काय महिना समजते का? पुस्तकात हायेत तेवढेच फेरे ठेवाचे. हा सारा अंदाजाचा कारभार हाय." कुणीतरी हसलं. तुम्ही ओरडला नाहीत. चिंधीनं पेचकस पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणालात, "मंग तूच कर." मी स्क्रू पूर्ण आत नेला, पुस्तकातले फेरे मोजून बाहेर काढला. इंजिन तापलेलं होतं, दुपारचं ऊन होतं; गाडी छान चालली. गुरुजी गेले. त्यानंतर "हे जरा धर वं" म्हणून तुम्ही मला गॅरेजात कधी हाक मारली नाहीत. तुमचा मान दुखावला, असं मी धरून चालले. मीही कधी विचारलं नाही. दोघंही हट्टी.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी तुमचीच जुनी गाडी वर्कशॉपात आणली. सायलेन्सरच्या नळीला भोक पाडून त्यात ऑक्सिजनचा सेन्सर बसवला, प्लगच्या खाली तापमानाचा. आता छोट्या पडद्यावर दिसतं, एक भाग पेट्रोलला किती भाग हवा जळते आहे आणि इंजिनाचं डोकं किती तापलं आहे. मे महिन्याच्या दुपारी आम्ही स्क्रू फिरवून आकडा बरोबर बसवला आणि तिथं रंगाची खूण केली. मग गाडीला हात लावला नाही. जानेवारीत एका सकाळी, तोंडातून वाफ निघेल अशा थंडीत, तीच गाडी पुन्हा सुरू केली. इंजिन नेहमीइतकं तापेपर्यंत थांबलो, पण पडद्यावरचा हवेचा आकडा वर वर चालला आणि इंजिन अडखळायला लागलं. माझी एक विद्यार्थिनी तेलुगूतच बोलते. तिनं विचारलं, "एंदुकु मॅडम?" का म्हणून. मी सांगायला लागले, थंड हवा दाट असते, त्याच वाटेनं ती जास्त आत शिरते, पेट्रोल मात्र तेवढंच येतं. आणि सांगता सांगता पेचकस उचलला. हवा कमी व्हावी म्हणून मी स्क्रू हळूहळू आत घेतला. इंजिन शांत झालं, आकडा उतरून जागेवर थांबला. खुणेपासून मोजलं तर पाव फेरा. तीन दिवस सकाळी सकाळी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पाव फेराच, बाबा. मुली वहीत तक्ता लिहीत होत्या आणि मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं.

तर काल गुरुजी म्हणाले, "त्या मीटरवर माही गाडी पाहून दे." मी सेन्सर लावता लावता सहज विचारलं, त्या संक्रांतीच्या सुटीत मी स्क्रू फिरवला होता, त्यानंतर गाडी कशी चालली? ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी पहाटे बायकोले दवाखान्यात घेऊन निंगालो. पोटात दुखत होतं तिच्या. गुडीहत्नूरच्या अलीकडं गाडी बंद. धुकं अस्सं, की हात दिसत नव्हता. तुया बापाले फोन केला. तो अर्ध्या घंट्यात हजर. पेचकस फिरवला, गाडी चालू केली, आन् दवाखान्यापर्यंत मागं मागं आला."

"काही बोलले काय?"

"हात जोडले त्यानं. म्हणे, गुरुजी, माफ करा, माहाच हात चुकला."

मी पाना खाली ठेवला. मी म्हणाले, "गुरुजी, तो माझा हात होता."

"मी तिथंच उभा होतो ना वं," गुरुजी हसले. "स्क्रू कोणं फिरवला ते मले दिसलं नाही काय? पण बापच आपल्यावर घेऊन राह्यला, तं मी कायले बोलू? म्हणे, पोरीले सांगू नका. तिचा हात आता कुठं चालाले लागला, भेवाले नाही पाह्यजे. म्हणे, मी बी आता तिच्यासमोर स्क्रूले हात लावत नाही. तिले वाटन, बाप मले खोटं पाडून राह्यला."

म्हणजे हाक मारणं तुम्ही यासाठी सोडलं होतं. मी इतकी वर्षं त्याला राग समजत होते. गुरुजींच्या बायकोचं तेव्हा ऑपरेशन झालं, त्या बऱ्या आहेत, भाजीच्या वाफ्यात दिवसभर राबतात, हेही काल कळलं. मी गाडी नीट करून दिली. गुरुजी गेटबाहेर वळून दिसेनासे होईपर्यंत आम्ही सगळ्या दारात उभ्या होतो, आणि मला फार बरं वाटत होतं.

हे पत्र टाकणार कुठं. प्रात्यक्षिकाच्या वहीत ठेवून देते. एक मात्र कबूल करते. माझे हात काळे होऊ नयेत, खुर्चीत बसून काम करावं, असं तुम्हाला वाटायचं. विभागात हातमोजे आहेत, आणि ते घातल्याशिवाय मी मुलींना इंजिनाला शिवू देत नाही. पण संध्याकाळी त्या गेल्या की मी माझे काढून ठेवते आणि थोडा वेळ उघड्या हातांनी काम करते. साबण लावला तरी नखांत काळं राहतं. आई रागावते. मी सांगते, निघत नाही. खरं म्हणजे मी नीट घासतच नाही.