आचारीकाकांची मंडळी

६ मे
निघाले एकदाची! दर उन्हाळ्यात हे एकटे सुट्टीवर जातात आणि मी घरी बसून गाद्यांच्या खोळी धुते. यंदा म्हटलं, तुम्ही घर सांभाळा, मी जाते. लेक हसली — "आई, तू? दोन दिवसांत परत येशील, दूध उतू गेलं का बघायला."

मुद्दाम ह्यांच्याच नेहमीच्या लॉजमध्ये खोली घेतली. जुन्या गिऱ्हाइकाच्या माणसांना सवलत आहे, ती का सोडा? पण हे आढेवेढे घेत होते. "तिथे काही नाही गं. तुला करमायचं नाही." सारखं तेच! मनात पाल चुकचुकली — तिकडे कोणी आहे की काय?

फ्रिजमध्ये भाज्यांचे डबे भरून, वारांच्या चिठ्ठ्या चिकटवून आलेय. ह्यांना साधा चहा करता येत नाही.

७ मे
लॉजची मालकीण सत्तरीची, दणकट, आवाज तुतारीसारखा. पाल गप्प बसली.

मी नाव सांगताच बाईंनी माझा हात धरला आणि आत ओरडल्या — "अगं ए, आचारीकाकांची मंडळी आली बघ!"

म्हटलं, "चुकताय तुम्ही. आमचे हे कचेरीत कारकून होते."

"तेच हो! उंच, एका कानाने कमी ऐकणारे. इथे आले की स्वयंपाकघर सोडत नाहीत!"

एका वर्षी बाईंचा आचारी आजारी पडला होता, तेव्हा हे कांदे चिरायला उभे राहिले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात हौसेने रांधतात. पाहुणे म्हणे खोली घेण्याआधी विचारतात, "काका आलेत का?"

आणि मी डब्यांवर वारांच्या चिठ्ठ्या चिकटवून आलेय!

८ मे
दुपारी भोपळ्याचं सूप वाढलं. कृती ह्यांची. मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही काय, घरी रोजच असलं जेवत असाल!" मी मान हलवली. देवा, एवढं खोटं पोटात घाल.

मग न राहवून विचारलं, ह्यांनी घरचं काही सांगितलं होतं का?

"सांगायचे ना. म्हणायचे, स्वयंपाकघर तिचं, मी तिथे पाहुणा. पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देते, मग आत जायला निमित्त तरी काय काढू?"

रीतच आहे ती आमच्या घरची. देवाचं होईपर्यंत माझ्या ओट्यापाशी कोणी फिरकायचं नाही. नंतरही नाही. मला पसारा खपत नाही.

९ मे
घरी फोन केला. "जेवलात?" — "जेवलो." — "डबा गरम केलात?" — "हं."

हं! जिभेवर आलं होतं, 'अहो आचारीकाका!' — गिळलं.

१० मे
लेकीचा फोन. "आई, बाबांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं! जावई तुझे तिसऱ्यांदा वाढून घेत होते. आणि तुझे डबे बाबांनी शेजारच्या आजींना देऊन टाकले."

दिवसभर धुमसत होते. लग्न झाल्यापासून त्या ओट्यावर माझं राज्य. कमरेत सणक आली तरी उभी राहिले, ताप आला तरी उभी राहिले. आणि माझ्यावाचून कोणाचा घास अडत नाही! मग मी त्या घरात कोण?

बॅग भरली. उद्याच्या गाडीने जायचं आणि ओटा ताब्यात घ्यायचा!

मालकीणबाई दारात. "निघालात? जा बापडं. पण खोलीचे पैसे परत मिळत नाहीत हं."

बॅग पुन्हा कॉटखाली सारली.

११ मे
राहिलेच आहे तर नीट राहू. पहाटे खिडकीपाशी जपाला बसले. घरी माझा एक कान देवाकडे, एक दुधाकडे. अर्ध्या बाईची सवय झाली असेल देवालाही! आज सबंध बसले. डोळे उघडले तर ऊन पायांवर आलेलं, आणि कोणीतरी ठेवून गेलेला चहा पार गार. तसाच प्याले. साखर का वाया घालवा?

१२ मे
दुपारी झोपले. कोणासाठी उठायचं नव्हतं.

१४ मे
घरी आले. ओटा चकचकीत! बघून रागच आला. मिठाचा डबा भलतीकडेच. हात शिवशिवले, पण लावला नाही.

"मालकीणबाईंनी नमस्कार सांगितलाय," म्हटलं. "आचारीकाकांना."

चेहरा असा झाला, जणू तूप खाताना पकडलंय. "अगं, ते आपलं… असंच."

"असंच काय? उद्यापासून सकाळचं तुम्ही बघा. मी देवापाशी असेन, हाका मारायच्या नाहीत."

"खरंच आत येऊ?"

इतक्या वर्षांत ह्या माणसाने माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. मी दारातून बाजूला झाले.

"या. पण तेल बेतानं."

१५ मे
सूप माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं. इथेच लिहिते. त्यांना सांगणार नाही.

१९ मे
जेवताना हे खुशीत म्हणाले, "आता पुढच्या उन्हाळ्यात तिकडे कशाला जाऊ? स्वयंपाकघर घरीच मिळालं."

"तुम्ही नकाच जाऊ," मी म्हटलं. "मी खोली सांगून आलेय. एकटीची."