रंजूचं वजन

२२ ऑगस्ट १९८५, गुरुवार

लाल आलं.

सकाळी मी हापशीवर पाणी भरत होती. अंगणवाडीची शोभाबाई तिथंच उभी होती. तिनं काही न विचारता माझ्या कडेवरच्या रंजूच्या दंडाला एक पट्टी गुंडाळली. तीन रंगांची. हिरव्यावर आलं तर लेकरू ठीक, पिवळ्यावर आलं तर कमी, आणि लालवर — तिनं पट्टी सोडून पुन्हा गुंडाळली. पुन्हा लालच. मग हळूच म्हणाली, "वैनी, अंगणवाडीत आणा हिले. वजन करू. सरकारकडून खायला भेटते, हिलेही अन् तुम्हालेही."

हंडा अर्धाच भरून घरी आली.

रंजूला दोन दिवसांनी दहा महिने होतील. माझा पहिला, राजू, अकराव्या महिन्यातच गेला. दिवाळीला दोन वर्षं होतात. हे लिहू नये. लिहून झालं.

२४ ऑगस्ट

सासूबाईंना विचारलं. चुलीपुढे बसल्या होत्या, मान वर केली नाही.

"आपल्या घरी दाण्याची कमी हाय का? या घरची नात सरकारी पीठ खाईन? तेही त्यायच्या मोहल्ल्यात जाऊन?"

मी म्हटलं, वजन तरी करू.

तेव्हा वर पाहिलं त्यांनी. "राजूले सौंसरच्या दवाखान्यात काट्यावर टाकलं होतं. चार दिवसांत गेला. आता हिलेही तोलतं?"

तेव्हा मी तापानं पडली होती, मला शुद्ध नव्हती. मामंजी आणि सासूबाईच राजूला घेऊन गेले होते. घरी आणला तेव्हापासून सासूबाई हेच सांगतात — तोललं आणि लेकरू घटलं.

या वहीत खोटं कशाला लिहू? मलाही तसंच वाटते. शोभाबाईच्या खोलीतला तो काटा मी बाहेरून पाहिला आहे. आढ्याला टांगलेला, खाली कापडाची झोळी. त्यात लेकरू लोंबकळते.

आज शनिवार. उपास.

२७ ऑगस्ट

रंजू आज दिवसभर रडली नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार

शोभाबाई घरापर्यंत आली. मागच्या कुंपणाजवळ उभी राहिली, आत आली नाही — आत ये असं कोणी म्हटलंही नाही. सासूबाईंनी तिथूनच विचारलं, काय काम हाय? तिनं नीट सांगितलं, पोरीचा दंड बारीक आहे, उशीर नका करू. सासूबाई म्हणाल्या, आमच्या घरची लेकरं बारीकच राहतात. आणि आत निघून गेल्या.

शोभाबाई मला विचारून राहिली. दूध येते का? मी म्हटलं, दोन महिन्यांपासून फार कमी. जेवता काय? मी सांगितलं, सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. राजू गेल्यापासून सासूबाईंनी धरायला लावले आहेत, रंजूच्या आयुष्यासाठी.

तिनं बोटांवर वार मोजले. मग म्हणाली, "वैनी, तुमच्याच उपासानं पोरगी उपाशी राहून राहिली."

राग आला तिचा. ती गेल्यावर जास्त आला. पण संध्याकाळी साबुदाण्याची वाटी पुढे आली आणि मी ती तशीच झाकून ठेवली. उपास सोडू तर देव कोपेल. न सोडू तर?

२ सप्टेंबर

यांना सांगितलं. हे पागोटं घडी करत होते, हात थांबला. म्हणाले, "बापाले विचारून पाहतो."

४ सप्टेंबर

विचारलं नाही.

मीही पुन्हा म्हटलं नाही. हे तीस वर्षांचे आहेत, बागेतली दोनशे संत्र्याची झाडं एकटे पाहतात, पण मामंजी खाकरले की यांची मान खाली जाते. मी कोणाच्या भरवशावर भिऊ नको?

७ सप्टेंबर, शनिवार

कालपासून रंजूला हगवण. डोळे आत गेले. टाळू खोल गेली, बोट ठेवलं की खड्डा लागते. सासूबाईंनी अंगारा लावला, मिरच्या ओवाळल्या. मिरच्यांचा ठसका सगळ्यांना आला, रंजूला नाही.

दुपारी धुणं धुवायच्या निमित्तानं नाल्यावर गेली. शोभाबाईच्या घराकडून एक पोरगी येत होती, तिच्याजवळ निरोप दिला. तासाभरात शोभाबाई स्वतः आली, धापा टाकत. तांब्याभर उकळून थंड केलेलं पाणी, त्यात मूठभर साखर आणि चिमूटभर मीठ. "चमच्या चमच्यानं पाजत राहा. ओकली तरी पाजा. आईचं दूधही बंद नका करू."

गोठ्यात बसून पाजून राहिली. गाय माझ्याकडे पाहत होती. कोणाचं पाऊल वाजलं की चमचा पदरात लपवायची. आपल्याच लेकराला पाणी पाजताना चोरासारखं!

९ सप्टेंबर

हगवण थांबली. रंजू जिवंत आहे. आज उपास केला नाही. सासूबाईंना सांगितलं, केला.

१४ सप्टेंबर, पोळा

बैलांना सजवलं. पुरणपोळी बैलांना, मग गड्यांना, मग घरच्यांना. सासूबाईंनी रंजूच्या जिभेला पुरणाचं बोट लावलं. तिनं चोखलं नाही. तोंडातच राहिलं ते. मी पुसून काढलं.

मामंजी म्हणाले, उद्या पांढुर्ण्याला गोटमार, नदीच्या दोन्ही काठांवरून दगडं मारायचा तो खेळ, पाहायला सगळे गडीमाणसं जातील, सकाळीच ट्रॅक्टर निघेल.

सगळे गडीमाणसं.

१५ सप्टेंबर, रविवार

केलं.

ट्रॅक्टर गेल्यावर सासूबाई चुलत जावेकडे पोरांच्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्याला गेल्या. मी रंजूला लुगड्याच्या पदरात गुंडाळलं आणि त्यांच्या मोहल्ल्यातल्या बुद्धविहाराच्या मागच्या बाजूनं गेली. आज अंगणवाडी बंद. शोभाबाईनं माझ्यासाठी कुलूप उघडलं.

झोळीत रंजूला ठेवताना माझे हात सुटेनात. शोभाबाई म्हणाली, "सोडा वैनी. मी खाली हात धरून हाय." मी डोळे मिटले. रंजू रडली नाही. किती वेळ झाला कोण जाणे.

साडेचार किलो.

शोभाबाईनं एक कागद काढला, त्यावर वाकड्या रेघा. सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली टिंब दिलं. म्हणाली, "ही चौथ्या श्रेणीत हाय, सगळ्यात शेवटच्या. नुसत्या पिठानं नाही भागत. दवाखान्यात ठेवा लागेल. मी चिठ्ठी देतो." मी म्हटलं, नाही, दवाखाना नाही. पीठ द्या, मी चारीन. ती म्हणाली, पीठ देतोच, पण ताप आला की एक तासही थांबू नका.

अशा लेकराला दुप्पट हिस्सा असते म्हणे. पिवळं पीठ आणि बाटलीत तेल. तिनं तिथंच चुलीवर एक वाटी शिजवलं. "आधी तुम्ही खा." त्या मोहल्ल्यातल्या भांड्यात मी जन्मात कधी खाल्लं नव्हतं. खाल्लं. ऊन ऊन होतं. वाटी चाटून पुसून खाल्ली, तेव्हा कळलं मी किती भुकेली होती. मग रंजूला बोटानं दिलं. चार बोटं गिळली तिनं!

परतताना वाटेत कोणी दिसलं नाही. पण सगळ्या गावानं पाहिलं असं वाटून राहिलं. पीठ पेटीत, लग्नाच्या शालूखाली ठेवलं.

आता चार दिवस मोजायचे.

१६ सप्टेंबर

पहिला. तीनदा चारलं. काल रात्री हे परतले, शर्टावर रक्त — दुसऱ्या कोणाचं तरी, दगड लागलेल्याचं. माझी शुद्धच गेली असती.

१७ सप्टेंबर

दुसरा. खाते आहे. मी श्वास मोजते.

१८ सप्टेंबर

तिसरा. संध्याकाळी अंग गरम. माझाच हात थंड असेल.

सौंसरचा सरकारी दवाखाना, २२ सप्टेंबर

वही घरी राहिली. शोभाबाईनं रजिस्टरातली दोन कोरी पानं फाडून दिली, त्यावर लिहून राहिली. मागून वहीत चिकटवीन.

गुरुवार, चौथा दिवस. पहाटे रंजू तापानं फणफणली. तोंडात घास ठेवला तर तसाच बाहेर. मी वेड्यासारखी पेटी उपसून पीठ काढत होती तेव्हा सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय हाय?"

मी सगळं सांगितलं. पीठ, काटा, साडेचार किलो. वाटलं आता केसाला धरून ओढतील. त्या मटकन खाली बसल्या. तोंड पांढरं झालं होतं.

मला आतून एकच ऐकू येत होतं — तोललं, आणि चौथा दिवस. मीच मारली. पण शोभाबाईचंही ऐकू येत होतं. एक तासही थांबू नका.

रंजूला उचललं. अंगणात मामंजी उभे. "कुठं?"

"दवाखान्यात."

"माणूस बागेतून येऊ दे."

"तोपर्यंत ही राहणार नाही."

ते म्हणाले, "एकटी गेली त मंग एकटीच राहजो."

माझे पाय खरंच थांबले होते. किती वेळ, मला माहीत नाही. रंजूचा श्वास गळ्याला लागत होता, गरम आणि तोकडा. मी मामंजींच्या बाजूनं निघून गेली. त्यांच्या पुढून कधी अशी गेली नव्हती. पदरही डोक्यावर नव्हता.

शोभाबाई सोबत आली. रामाकोन्यापर्यंत बैलगाडीनं, तिथून छोट्या रुळाच्या रेल्वेगाडीनं. गाडी एवढी हळू चालत होती की उतरून पळावं वाटे. डब्यात एक म्हातारी म्हणाली, लेकरू झोपलं का? मी हो म्हटलं. मग खरंच झोपलं की काय म्हणून छातीला कान लावला. पुन्हा पुन्हा लावला.

डॉक्टरांनी शोभाबाईची चिठ्ठी वाचली आणि आम्हाला ओळीत थांबू दिलं नाही. छातीत कफ भरला आहे. सुई, औषध, नळीनं दूध. आज चौथा दिवस इथला. ताप उतरला. पण डॉक्टर अजून "बरी होईल" म्हणत नाहीत. "पाहू" म्हणतात. मी त्यांच्या तोंडाकडे पाहून राहते.

२४ सप्टेंबर

आज रंजू अकरा महिन्यांची. भूक लागून रडली. बाजूच्या खाटेवरची बाई वैतागली. मी तिला म्हटलं, रडू द्या हो.

२५ सप्टेंबर

दारात सासूबाई. मामंजींशिवाय! गावाबाहेर त्या त्यांच्याशिवाय कधी गेल्या नाहीत. हातात माझी वही, फडक्यात बांधलेली. वाचता येत नाही त्यांना. हे बैलगाडी बांधून मागून येऊन राहिले म्हणे, मामंजींना न विचारता.

रंजूजवळ बसल्या. तिचा पाय हातात घेतला. मग म्हणाल्या.

"डॉक्टरनं तवाही ठेवा म्हटलं होतं, विजू. राजूले. पंधरा दिवस ठेवा म्हणे. संत्र्याचा तोडा आला होता, तुये मामंजी थांबाले तयार नव्हते. मीही म्हटलं, लेकरू घरीच बरं. आम्हीच उचलून आणला. काट्यानं नाही गेला तो."

दोन वर्षं मी एका काट्याला भ्यायली. दोन वर्षं उपास केले. आणि ही बाई रोज माझ्यासमोर चुलीपुढे बसून होती, हे पोटात घेऊन.

त्या म्हणाल्या, "तुले सांगितलं असतं त तू मले माय म्हटलं असतं का?"

मी उठली. त्यांना पाणी दिलं. मग वाटलं, का दिलं? मग वाटलं, दिलं ते बरं केलं. अजून ठरत नाही.

४ ऑक्टोबर

दवाखान्यातून सुटी झाली. पाच किलो दोनशे. यांनी रंजूला स्वतः धरलं, पूर्ण रस्ता. मामंजी ओट्यावर होते. आत ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. सासूबाईंनी पायावर पाणी टाकलं आणि मला आत घेतलं.

पीठ आता फळीवर असते. सगळ्यांना दिसेल असं. मामंजी त्या फळीकडे पाहत नाहीत. मला अजूनही त्यांच्या खाकरण्यानं धडकी भरते.

११ ऑक्टोबर

आज नर्सबाई अंगणवाडीत आली होती. रंजूसाठी गेली, तर तिनं मलाच आत बोलावलं, तपासलं. विचारलं, दूध आटलं ते कधीपासून? मग म्हणाली, तुम्हाला चौथा महिना लागला आहे.

घरी कोणाला सांगितलं नाही. भीती आहेच. पण उठण्याआधी शोभाबाईला म्हटलं, रजिस्टर काढा. तिनं रंजूच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. मग मीच काट्याकडे बोट दाखवलं — मोठ्या माणसांचा कुठं आहे?